वर्गणी भरली; पुढे काय?

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना नियमाप्रमाणे वेळेवर सभासदांच्या हाती पडते. सभेची वेळ दुपारी चारची असते. चार वाजता सभागृहात अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि दोन-तीन ज्येष्ठ वैद्य एवढीच मंडळी असतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि साडेचार वाजता, सूचनेच्या तळटीपेत आधीच छापून ठेवल्याप्रमाणे, त्याच ठिकाणी पुन्हा भरते. या दुसऱ्या सभेस गणपूर्तीची अट नसते. मागील इतिवृत्त वाचून कायम होते, जमाखर्चास मंजुरी मिळते, हिशेबतपासनीसांची पुनर्नियुक्ती होते, आयत्या वेळच्या विषयांत कोणी काही मांडत नाही, आणि चहा घेऊन सर्वजण संध्याकाळच्या रुग्णांसाठी आपापल्या दवाखान्यात परततात.

कोणत्याही व्यावसायिक संघटनेच्या सभासदास हे दृश्य परिचयाचे वाटेल. आमच्या संघटनेतही ते वर्षानुवर्षे घडत आले आहे. तहकुबीची सोय नियमांनी अपवाद म्हणून दिली होती. आपण तिची प्रथा करून टाकली. वास्तविक सभासदांची यादी लहान नाही, आणि वर्गणीही बहुतेक जण आज ना उद्या भरतात. अडचण पैशाची नाही. वर्गणीची पावती म्हणजेच सभासदत्व, हा जो समज आपल्यात रुजला आहे, तीच खरी अडचण आहे. प्रस्तुत लेखात त्या समजाचाच थोडा विचार करावयाचा आहे. लेख तक्रारीचा नाही. दोषाची वाटणी करावयाची झाल्यास कार्यकारिणीच्या वाट्यालाही त्यातला मोठा भाग येईल, आणि तो आम्ही पुढे मान्यच करणार आहोत.

संभाषेचा वारसा

आपल्या शास्त्राचा आरंभच एका सभेने झाला आहे, याचे स्मरण येथे उचित ठरेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, रोगांनी लोकांच्या तपात, अध्ययनात आणि आयुष्यात विघ्न आणले म्हणून महर्षी हिमालयाच्या पायथ्याशी एकत्र जमल्याची कथा येते. उपाय इंद्राकडे आहे हे ठरले, पण त्याच्याकडे जावे कोणी, असा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी भरद्वाज प्रथम बोलले आणि या कामी आपली नियुक्ती व्हावी, असे त्यांनी स्वतः सुचविले. सभेने त्यांना नेमले. ते गेले, शिकले आणि मिळविलेले ज्ञान परत येऊन ऋषींना देते झाले. ही कथा आपण पहिल्या वर्षाला पाठ केलेली असते. तिच्यातला व्यवहार मात्र आपल्या ध्यानी राहत नाही. तेथे प्रश्न सर्वांचा होता, सभा सर्वांची होती, आणि तरीही कोणी तरी एकाने उठून ‘मी जातो’ असे म्हणावे लागले.

पुढे अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी या सहा शिष्यांनी आपापली तंत्रे रचली, तीही त्यांनी आत्रेयांना ऋषिसंघासमक्ष ऐकविली. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगून, तिने ज्ञान वाढते, संशय फिटतो आणि वाक्पटुत्व येते, असे तिचे लाभ वर्णिले आहेत. रसांच्या संख्येवर चैत्ररथ वनात झालेला वाद तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात एकेका आचार्याने आपले मत मांडले, इतरांनी ते ऐकले आणि मग सिद्धान्त स्थिर झाला. आपल्या परंपरेत समव्यावसायिकांचा मेळ हा सोहळ्याचा विषय नव्हता. शास्त्र शुद्ध राखण्याची ती पद्धती होती.

जे आज सहज मिळते

प्राचीनांची गोष्ट राहू द्या. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला इतिहास पाहिला, तरी तोच धडा मिळतो. अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया १९०७ साली नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने घातला गेला. ‘आर्यभिषक्’ चालविणाऱ्या या गृहस्थांपाशी ना सत्ता होती, ना संपत्ती. आयुर्वेद जाणणारे लोक गावोगाव विखुरलेले आहेत आणि एकमेकांस ओळखत नाहीत, ही त्यांची मुख्य खंत होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांचे निधन झाले. संमेलन मात्र थांबले नाही, कारण ते एव्हाना एकट्याचे राहिले नव्हते.

त्या काळची परिस्थिती आज कल्पनेतही येणे कठीण आहे. मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा आला. त्यात नोंदणी होती ती पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांची. वैद्य त्या चौकटीबाहेरच राहिले. त्याच दशकात मुंबईचे डॉ. पोपट प्रभुराम यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. ते स्वतः पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर होते. आयुर्वेदाच्या महाविद्यालयाशी त्यांनी संबंध ठेवला, हाच त्यांचा अपराध मानला गेला. अशा वातावरणात १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, आयुर्वेद महाविद्यालय उभे केले. १९३३ साली पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद करणारा मुंबई प्रांताचा कायदा १९३८ साली झाला. त्याची जागा महाराष्ट्र राज्यात १९६१ च्या कायद्याने घेतली. १९७० साली भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचा कायदा आला आणि अभ्यासक्रम देशभर एका सूत्रात बांधला गेला. आता त्या परिषदेच्या जागी २०२० च्या कायद्याने स्थापन झालेला आणि ११ जून २०२१ पासून कार्यरत असलेला राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आहे.

हा सारा इतिहास एका परिच्छेदात मावतो. प्रत्यक्षात तो निवेदने, शिष्टमंडळे, वर्गण्या, रात्रीच्या बैठका आणि बैलगाडीने वा आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने केलेले प्रवास यांचा आहे. आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र टांगलेले असते. त्यावर आपले एकट्याचे नाव असले, तरी ते मिळविणारे हात अनेक होते. त्यांपैकी बहुतेकांची नावेही आपणास ठाऊक नाहीत.

मौनाचा अर्थ काय लावला जातो

‘तो काळ संघर्षाचा होता, आता सर्व काही मिळाले आहे,’ असे कोणी म्हणेल. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. आज निर्णय अधिक वेगाने होतात, अधिक तपशिलात होतात, आणि त्यांचा परिणाम थेट आपल्या खलबत्त्यापर्यंत व दुकानाच्या फळीपर्यंत येऊन पोहोचतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यात आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले ते १९६४ साली. या प्रकरणाखाली केंद्र सरकार जे नियम करते, त्यांचा मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागतो. हरकती व सूचना पाठविण्यास मुदत दिली जाते आणि आलेल्या मतांचा विचार करून नियम अंतिम होतात. कायद्याने आपणास दिलेले हे दार आहे. पण त्या मुदतीत ज्याने काही कळविले नाही, त्याची काही हरकत नव्हती, असाच अर्थ कागदोपत्री निघतो. आपले मौन म्हणजे आपली संमती, अशी नोंद होते. आणि पुढे दहा वर्षे आपण चहाच्या टपरीवर त्या नियमास दोष देत बसतो.

उदाहरणादाखल औषधनिर्मितीचाच विषय घेऊ. २३ जून २००० रोजी परिशिष्ट ‘टी’ अधिसूचित झाले आणि आयुर्वेदीय औषधनिर्मितीस उत्तम निर्मिती पद्धतीचे निकष लागू झाले. किमान बाराशे चौरस फुटांची जागा, स्वतंत्र विभाग, गुणनियंत्रण, नोंदवह्या हे सर्व त्यात आले. निकषांचा हेतू योग्यच होता. तरीही पिढीजात लहान रसशाळा चालविणाऱ्या फार्मसीचालकांची त्या काळात किती ओढाताण झाली, हे आपणांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. पुढे डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या औषधांना जड धातूंची तपासणी बंधनकारक झाली. या दोन्ही प्रसंगी रसौषधींचे शोधन-मारण जाणणाऱ्या सामान्य वैद्याचा आणि निर्मात्याचा अनुभव शासनापुढे व जगापुढे नोंदींसह, पद्धतशीरपणे मांडण्याची गरज होती. तेवढ्या नोंदी आपल्या जिल्ह्यात कोणाकडे होत्या, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. आणि त्याचे उत्तर अभिमानास्पद नाही.

अलीकडची गोष्ट हवी असल्यास जाहिरातींच्या नियमाची घ्यावी. नियम १७० हा २०१८ मध्ये आला, १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. वृत्तपत्रांत त्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. अतिरंजित जाहिरातींमुळे रोज दवाखान्यात ज्याला उत्तरे द्यावी लागतात तो वैद्य, आणि ‘टीव्हीवर दाखवतात ते द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक ज्याच्या दारी येते तो औषधविक्रेता, या दोघांचे म्हणणे त्या सहा वर्षांत आपल्या संघटनेने एकदाही ठराव करून कळविले नाही. विषयपत्रिकेवर तो विषय आलाच नाही.

एका दूरध्वनीचे अंतर

नियमांची चर्चा काहींना दूरची वाटेल, म्हणून एक घरचा प्रसंग सांगतो. आमचे एक सभासद तालुक्याच्या गावी व्यवसाय करतात. चूर्णे, काढ्यांची भरड, काही गुटी ते दवाखान्यामागील खोलीत स्वहस्ते करतात आणि केवळ स्वतःच्या रुग्णांना देतात. एके दिवशी त्यांना एका कार्यालयाकडून पत्र आले. औषधनिर्मितीचा परवाना सादर करण्याविषयी त्यात विचारणा होती. वैद्यराज घाबरले. त्यांनी कोणास विचारले नाही, उत्तरही दिले नाही. तयार असलेली औषधे त्यांनी खड्ड्यात पुरली आणि निर्मिती बंद केली. पुढे कित्येक महिन्यांनी एका लग्नात भेट झाली तेव्हा ही हकीकत सहज बोलण्यात निघाली.

वस्तुतः त्याच कायद्याच्या कलम ३३-ईईसी मध्ये स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्य-हकिमांना परवान्याच्या अटीतून स्पष्टपणे वगळले आहे. परिशिष्ट ‘टी’ मध्येही, बाजारात न विकता केवळ आपल्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना त्या निकषांतून सूट आहे. हे दोन संदर्भ लिहून चार ओळींचे उत्तर पाठविले असते तर विषय तेथेच मिटला असता. ते उत्तर लिहून देणारे दोन सभासद त्याच जिल्ह्यात होते. अंतर होते ते केवळ एका दूरध्वनीचे. पण ज्या संघटनेच्या सभेस आपण कधी गेलो नाही, तिच्या कार्यवाहांना अडचणीच्या वेळी कसे विचारावे, हा संकोच आड आला. हा संकोच वैद्यराजांचा दोष मानण्यास आम्ही तयार नाही. संघटनेने त्यांना कधी आपले केलेच नव्हते.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसरे एक वैद्य, याच सवलतीच्या आधारे, आपले योग करून शेजारच्या तीन-चार दवाखान्यांनाही पुरवीत असत. पुड्यांवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. सवलत आपल्यालाही लागू आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ती सवलत स्वतःच्या रुग्णांपुरतीच आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला औषध करण्याचा हा हक्क आपल्या व्यवसायाचा कणा आहे. तो बाहेरच्यांच्या हल्ल्याने जितका धोक्यात येईल, त्याहून अधिक आपल्या बेशिस्तीने येईल. सभासदाचे रक्षण करणे आणि सभासदास वेळीच सावध करणे, ही दोन्ही कामे एकाच संघटनेची आहेत; आणि सभासद एकमेकांस ओळखत नसतील तर त्यांतले एकही साधणार नाही.

‘मला काय मिळते?’

नव्याने पदवी घेऊन आलेल्या एका तरुण वैद्याने वर्गणी भरताना आम्हाला विचारले, ‘सर, सभासद होऊन मला काय मिळते?’ जवळ बसलेल्या ज्येष्ठांना प्रश्न उद्धट वाटला. आम्हाला तो रास्त वाटला. दवाखान्याचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि रिकामी बाके सांभाळणाऱ्या माणसाने प्रत्येक रुपयाचा हिशेब मागितला तर बिघडले कोठे?

त्याचे उत्तर आम्ही येथे देतो. वर्गणीच्या पावतीने मिळते ते हे त्रैमासिक आणि वर्षातून एक भोजन. एवढेच. जे खरे मिळावयाचे, ते पावतीने मिळत नाही, सहभागानेच मिळते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली, हे सर्वांस ठाऊक आहे. रुग्णपत्रकात काय लिहावे, संमतिपत्र केव्हा घ्यावे, नोटीस आल्यास पहिल्या आठवड्यात काय करावे आणि काय करू नये, हे जो त्यातून गेला आहे तोच सांगू शकतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत आयुष रुग्णालयांचाही समावेश आहे. बस्ती, रक्तमोक्षण करणाऱ्या केंद्रचालकाने कचरा कोठे, कोणत्या रंगाच्या पिशवीत द्यावयाचा, हे शेजारच्या केंद्रचालकाकडून अर्ध्या तासात कळते. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने लेखावे, असा विमा नियामकांचा आदेश आहे. पण विम्याच्या दृष्टीने आयुष रुग्णालय ठरण्यास किमान पाच खाटा, पूर्णवेळ वैद्य अशा अटी आहेत. त्या कशा पूर्ण कराव्यात, हे एकदा जमलेल्या वैद्याने दुसऱ्यास शिकवावयाचे आहे.

औषधविक्रेत्यांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीचा माल फळीवर, नवा दर लागू, आणि गिऱ्हाईक हातात वर्तमानपत्र घेऊन समोर उभे! त्या आठवड्यात जे दुकानदार एकमेकांशी बोलत होते त्यांची गैरसोय झाली. जे एकटे होते त्यांची तारांबळ उडाली. हा फरकच सभासदत्वाचा लाभ होय.

दोष आमचाही

आता कार्यकारिणीच्या वाट्याचा दोष. आपल्या कार्यक्रमांत सत्कार फार आणि संभाषा थोडी, ही टीका खरी आहे. आयुर्वेद दिन पूर्वी धन्वंतरी जयंतीस साजरा होत असे. २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला होतो. तारीख बदलली, पण शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि आभार हा क्रम आम्ही बदलला नाही. दोन तासांच्या कार्यक्रमात सामान्य सभासदाच्या वाट्यास ध्वनिक्षेपक येतच नाही.

सभांची वेळ आम्ही शहरातल्या पदाधिकाऱ्यांच्या सोयीने ठरविली. तालुक्याहून येणाऱ्याची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, याचा विचार केला नाही. आज आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसतात, अनेक वैद्य भगिनी समर्थपणे व्यवसाय करतात. पण कार्यकारिणीच्या छायाचित्रात त्या शोधाव्या लागतात. पदे वर्षानुवर्षे त्याच त्या नावांभोवती फिरली. ‘दुसरे कोणी पुढे येत नाही’ असे आम्ही म्हणत राहिलो, आणि पुढे येणाऱ्यास करण्याजोगे नेमके काम मात्र कधी दिले नाही. ‘संघटनेच्या कार्यात सहभागी व्हा’ असे मोघम आवाहन करणे सोपे असते. ‘येत्या रविवारी दोन तास या आणि हे एवढे करा’ असे सांगणे कष्टाचे असते. तो कष्ट आम्ही घेतला नाही.

चार पादांची चार कामे

म्हणून यापुढे आवाहन मोघम न ठेवता कामे नेमकी सांगण्याचे आम्ही ठरविले आहे. चिकित्सेचे चार पाद आपणांस पाठ आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. याच क्रमाने चार कामे सुचवितो. प्रत्येक सभासदाने यांतले एकच निवडावे. तीन महिन्यांतून दोन-तीन तास, यापेक्षा अधिक वेळ कोणाकडूनही अपेक्षित नाही.

पहिले काम भिषक्‌चे. पाच-सहा सभासदांचा एक वाचनगट असावा. राजपत्रातील मसुदे, राज्याच्या परिषदेची व आयोगाची परिपत्रके त्यांनी वाचावीत आणि सोप्या मराठीत एका पानाचा सारांश या त्रैमासिकासाठी लिहावा. मुदतीच्या आत हरकत वा सूचना पाठवावयाची असल्यास तिचा मसुदाही त्यांनीच करावा. याच गटातील प्रत्येक ज्येष्ठाने एका नवपदवीधरास वर्षभर आपला दूरध्वनी खुला ठेवावा. तालुक्यातील वैद्यराजांना जो संकोच वाटला, त्यावर यापेक्षा सोपा उपाय आम्हाला सुचत नाही.

दुसरे काम द्रव्याचे, आणि येथे औषधविक्रेते व फार्मसीचालक यांच्यावाचून आपले पान हलणार नाही. प्रत्येक बैठकीस एका द्रव्याचा आपल्याकडील नमुना सर्वांनी चिमूटभर आणावा आणि तो मेजावर एकत्र मांडावा. अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल किती जणांकडे आली आहे, ते पाच मिनिटांत दिसेल. नागकेशर म्हणून सुरंगीच्या तांबड्या कळ्या कोणाच्या डब्यात आहेत, तेही कळेल. रास्नेचा प्रश्न तर जुनाच. उत्तर भारतात एक वनस्पती, बंगालात व्हँडा आणि दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचा कंद, असे तीन निराळे द्रव्य एकाच नावाने चालतात. वैद्य एक मनात धरून लिहितो, दुकानदार दुसरे देतो, आणि गुण आला नाही की दोघेही एकमेकांस बोल लावतात. समोरासमोर बसून ‘आपल्या जिल्ह्यात रास्ना म्हणजे हे’ असे एकदा ठरविले, तर कित्येक वर्षांचा गैरसमज एका संध्याकाळी मिटेल. शंकास्पद नमुने महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाकडे अथवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविता येतील. पुरवठादाराशी एकाने केलेली तक्रार तो ऐकून सोडतो. तीस जणांनी सहीने केलेली तक्रार त्याला सोडता येत नाही.

तिसरे काम उपस्थात्याचे. पंचकर्माचे परिचारक आणि परिचारिका, पुड्या बांधणारा मदतनीस, दुकानातला नवा मुलगा यांना शिकविते कोण? बहुधा कोणीच नाही. वर्षातून दोन रविवार त्यांच्यासाठी वर्ग घ्यावेत. नामसाधर्म्यामुळे चुकणारी औषधे, परिशिष्ट ई-१ मधील विषारी द्रव्ये व त्यांच्या लेबलावरील सावधानतेची सूचना, स्नेहन-स्वेदनाच्या वेळी दिसणारी धोक्याची लक्षणे, असे विषय ठेवावेत. शिकविण्यास दोन वैद्य आणि एक अनुभवी औषधविक्रेता पुरेसा आहे.

चौथे काम रोग्याचे, म्हणजे त्याच्या नोंदीचे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली गोष्ट तेथे सिद्ध करावी लागली ती लेखी पुराव्याने. ‘आम्हाला गुण येतो’ हे वाक्य बाहेर पुरावा ठरत नाही. सर्वांनी मिळून एखादाच व्याधी निवडावा, समजा आमवात. त्याचे एक समान रुग्णपत्रक ठरवावे आणि वर्षभर प्रत्येकाने आपल्या पाच रुग्णांची नोंद ठेवावी, गुण आला त्यांची आणि न आला त्यांचीही. औषधाने काही अपाय झाल्याची शंका आल्यास ती दडवू नये. आयुष औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा औषधदक्षता कार्यक्रम देशात चालू आहे. त्याच्या केंद्रास ती कळवावी. आपल्या औषधांतील अपाय आपणच प्रथम नोंदविले, तर पुढच्या वेळी बोस्टनच्या दुकानांतून आपली परीक्षा होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

थोडे परखड

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. मतभेद होतील म्हणून काही ज्येष्ठ संघटनेपासून दूर राहतात. शुद्ध आणि मिश्र चिकित्सा, रसौषधी आणि काष्ठौषधी, वैद्य आणि विक्रेता असे मतभेद आपल्यात आहेत आणि राहतील. त्यांच्यासाठीच आचार्यांनी संधाय संभाषेची रीत घालून दिली. जो विद्वान आहे, रागावत नाही, दुसऱ्याचे ऐकून घेतो, अशाशी मोकळेपणाने बोलावे आणि पराभवाची भीती बाळगू नये, हा तिचा आशय आहे. वाद टाळून जपलेली एकी फार काळ टिकत नाही. वाद करूनही जी मंडळी पुढच्या बैठकीस येतात, त्यांचीच संघटना होते.

या अंकासोबत आम्ही कोणताही छापील अर्ज जोडलेला नाही. आपण निवडलेल्या कामाचे नाव, आपले गाव आणि आपल्याला सोयीचा वार, एवढेच एका कागदावर लिहून कार्यवाहांकडे पाठवावे. कोणते काम कोणी घेतले आणि त्याचे पुढे काय झाले, याचा जमाखर्च पुढील अंकापासून याच पानांवर प्रसिद्ध होईल. पैशाच्या जमाखर्चाइतकाच तोही तपासून घेण्याचा सभासदांना अधिकार आहे.

येत्या सर्वसाधारण सभेच्या सूचनेतही तहकुबीची तळटीप असेल. नियमाप्रमाणे ती छापावीच लागते. यंदा चार वाजता यावे, येताना आपल्या डब्यातील नागकेशराची एक चिमूट कागदात बांधून आणावी, आणि त्या तळटीपेची गरज पडू देऊ नये, एवढी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस नम्र विनंती आहे.